पुस्तकातला मॅक्स मराठी बोलतो, सिनेमातला नाही

पत्र : आमची मुलगी सहा वर्षांची आहे. ती तीन वर्षांची असताना माझ्या बहिणीने अमेरिकेहून 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर' हे चित्रांचं पुस्तक पाठवलं. तेव्हापासून झोपताना तेच लागतं. इंग्रजी मजकूर मी मराठीत सांगते. एखादं वाक्य जरी इकडचं तिकडे झालं तरी ती मला थांबवते. येत्या रविवारी मोठ्या जाऊबाईंकडे सगळी मुलं जमणार आहेत आणि त्यावरचा सिनेमा लावायचं ठरलं आहे. त्यांची मुलं दहा आणि बारा वर्षांची आहेत. आपण आधी बघून घ्यावा म्हणून परवा रात्री मी तो लावला. मुलगा आईला कडकडून चावतो आणि घरातून पळून जातो, तिथे मला कसंतरीच झालं. पुढे एक राक्षस दुसऱ्याचा हात उपटतो, तिथे मी बंदच केला. हे म्हणतात, 'लहान मुलांचा सिनेमा आहे, एवढा काय बाऊ करतेस?' जाऊबाईंना नाही म्हणायची भीड वाटते. आणि खरी भीती वेगळीच आहे. सिनेमा बघितल्यावर आमचं पुस्तक आमचं राहील का?
— ठाण्याची एक आई

सप्रेम नमस्कार.

आधी रविवारचं सांगते, कारण दिवस थोडे आहेत. मुलीला हा सिनेमा या रविवारी दाखवू नका. दोन-तीन वर्षांनी जरूर दाखवा. आणि तुम्ही स्वतः तो या आठवड्यातच, मुलगी झोपल्यावर, शेवटपर्यंत बघा. अर्ध्यावर सोडलेला सिनेमा पुऱ्या बघितलेल्या सिनेमापेक्षा जास्त छळतो.

आता तुमच्या यजमानांचं म्हणणं. पुस्तक लहान मुलांचं आहे, यात शंकाच नाही. मॉरिस सेंडॅक यांनी ते १९६३ मध्ये केलं आणि पुढच्याच वर्षी त्याला अमेरिकेत चित्रपुस्तकांसाठी दिलं जाणारं कॅल्डेकॉट पदक मिळालं. सिनेमा २००९चा. दिग्दर्शक स्पाइक जोन्झ यांनी त्या वेळीच सांगितलं होतं की त्यांना मुलांसाठीचा सिनेमा करायचा नव्हता, बालपणाविषयीचा करायचा होता. या दोन गोष्टी सारख्या नाहीत. बालपणाविषयीचा सिनेमा सगळ्यात जास्त कळतो तो बालपण मागे टाकलेल्यांना. अमेरिकेतही तो 'पालकांनी आधी विचार करावा' अशा शेऱ्यानिशी लागला होता. म्हणजे तुम्ही बाऊ करत नाही आहात. तुम्ही बारकाईने बघितलंत, त्यांनी नाव ऐकून ठरवलं, इतकाच फरक.

सिनेमा वाईट आहे असं मात्र मी म्हणणार नाही. माझा तो आवडता आहे. सेंडॅक स्वतः त्याच्या निर्मात्यांपैकी एक होते आणि ते उघडपणे जोन्झ यांच्या बाजूने उभे राहिले. तेव्हा 'मूळ पुस्तकाची वाट लावली' अशी तक्रार इथे चालणार नाही. प्रश्न आहे तो कोणी आणि कधी बघायचा याचा.

त्यासाठी पुस्तक पुन्हा एकदा हातात घ्या, आणि या वेळी मजकूर न वाचता नुसती पानं बघा. पहिलं चित्र छोटं आहे, भोवती पांढरा कागदच कागद. लांडग्याच्या पोशाखातला मॅक्स, म्हणजे या गोष्टीतला मुलगा, भिंतीत खिळा ठोकतोय. पुढच्या पानावर काटा घेऊन कुत्र्याच्या मागे धावतोय. मग त्याला उपाशीपोटी खोलीत धाडतात. तिथून चित्र वाढायला लागतं. पलंगाचे खांब झाडं होतात, छतातून वेली लोंबतात, भिंती नाहीशा होतात, आणि प्रत्येक पानागणिक चित्र पांढऱ्या कागदावर थोडं थोडं अतिक्रमण करतं. आधी ते एक पान भरतं, मग समोरच्या पानावर सांडतं. शेवटी सलग तीन जोडपानं येतात, काठोकाठ भरलेली, एकही शब्द नसलेली. तिथे मॅक्स आणि त्याला तिकडे भेटलेले राक्षसासारखे प्राणी नुसता धुमाकूळ घालतात.

त्या तीन जोडपानांवर तुम्ही काय करता, ते तुम्ही लिहिलेलं नाही. पण मला खात्री आहे की तिथे किती वेळ थांबायचं हे तुमची लेक ठरवत असणार. काही मुलं तिथे ओरडून घेतात, पलंगावर उड्या मारतात. काही एकेका प्राण्याच्या नखांवरून बोट फिरवत बसतात. ज्या दिवशी डोळ्यांवर झोप असते, त्या दिवशी तीच पानं भरभर उलटली जातात. पुस्तकाने ती जागा मुद्दाम मोकळी सोडली आहे.

आणखी एक गोष्ट बघा. या पुस्तकात आई कुठेही दिसत नाही. ती मॅक्सला रागावते, मॅक्स तिला 'खाऊन टाकीन' म्हणतो, ती त्याला खोलीत पाठवते, आणि शेवटी जेवण ठेवलेलं असतं. पण तिचा चेहरा, हात, पदर, काही काही नाही. आई म्हणजे फक्त आवाज. आणि गेली तीन वर्षं तुमच्या घरात तो आवाज तुमचा आहे. पडद्यावर कॅथरिन कीनर या अभिनेत्रीचा दमलेला चेहरा दिसला, त्या आईला मुलगा खरोखरचा चावला, आणि तुम्हाला कसंतरी झालं. होणारच. ती जागा तुमची होती.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तरही इथूनच निघतं. कादंबरीवर सिनेमा निघाला की लोक नायकाच्या चेहऱ्यावरून भांडतात, कारण प्रत्येकाने आपापल्या मनात तो चेहरा रंगवलेला असतो. चित्रपुस्तकात तसं नसतं. चेहरे, शिंगं, पिवळे डोळे हे सगळं चित्रकाराने आधीच देऊन टाकलेलं असतं. सिनेमा इथे दोनच गोष्टी स्वतःकडे घेतो, पान उलटण्याचा वेग आणि वाचणाऱ्याचा आवाज. पुस्तकात मुलगी म्हणते 'थांब', आणि तुम्ही थांबता. सिनेमा थांबत नाही. पुस्तकात मॅक्स तुमच्या आवाजात, तुमच्या मराठीत बोलतो. सिनेमातला मॅक्स इंग्रजी बोलतो, एका अनोळखी मुलाच्या आवाजात. सहा वर्षांच्या मुलीला हे बदल शिंगांपेक्षा जास्त बोचतील.

पुस्तक ३३८ शब्दांचं आहे आणि सिनेमा १०१ मिनिटांचा. मधली सगळी जागा जोन्झ आणि त्यांचे सहलेखक डेव्ह एगर्स यांनी भरली आहे, आणि कशाने भरली आहे ते नीट बघण्यासारखं आहे. मॅक्स एकटा खेळून बर्फाचं घर करतो. बहिणीचे मित्र मस्करीत ते त्याच्यासकट मोडतात, आणि बहीण बघत राहते. चिडून तो तिच्या खोलीत जाऊन ओल्या बुटांनी नाचतो आणि तिच्यासाठी आपणच केलेली भेट तोडून टाकतो. शाळेत मास्तर सांगतात की एक दिवस सूर्य विझणार आहे. घरी आई कामाच्या फोनवर असते, तर मॅक्स टेबलाखाली आडवा पडून तिच्या मोज्याचं टोक बोटाने ओढत असतो. ही मोज्याची चौकट काही सेकंदांचीच आहे, पण आईचं लक्ष हवं असलेलं मूल इतकं खरं मी पडद्यावर क्वचितच बघितलं आहे. तुम्ही पुन्हा लावाल तेव्हा तिथे थोडं थांबा.

तुमच्या मुलीचा पहिला प्रश्न मात्र मोज्यावर नसेल. 'खोलीत झाडं का नाही आली?' हा असेल. सिनेमात खोलीचं जंगल होतच नाही. मॅक्स घराबाहेर पळतो, त्याला होडी सापडते आणि तो समुद्र पार करतो. तीन वर्षं जी मुलगी वाक्य चुकलं तरी तुम्हाला थांबवते, तिच्यासाठी हा बदल लहान नाही.

आता ज्या भागाने तुम्ही घाबरलात, त्याबद्दल थोडं आगाऊ सांगते. बेटावरचे प्राणी खरोखरच्या भल्यामोठ्या पोशाखांत वावरणारी माणसं आहेत. ते पोशाख बोलक्या बाहुल्यांचे कलाकार जिम हेन्सन यांच्या नावाच्या कार्यशाळेने बनवले. चेहऱ्यांवरचे भाव नंतर संगणकावर घातले. चित्रीकरण ऑस्ट्रेलियात, मेलबर्नच्या आसपासच्या जंगलांत आणि वाळूत झालं. म्हणून ते इतके जड, धपाधप पावलं टाकणारे, श्वास घेणारे वाटतात. हात उपटला जातो तेव्हा रक्त येत नाही, वाळू सांडते, आणि पुढे त्या प्राण्याच्या खांद्यावर हाताच्या जागी एक काठी दिसते. शेकोटीत आधीच्या राजांची हाडं आहेत. कॅरल नावाचा प्राणी एकदा इतका पिसाळतो की मॅक्सला वाचवायला दुसरी एक जण त्याला चक्क गिळून पोटात लपवते. कॅरलचा आवाज जेम्स गँडोल्फिनी यांचा आहे. त्यात माया आणि राग इतके जवळजवळ असतात की पुढच्या क्षणी यातलं काय येईल ते कळत नाही. मोठ्या माणसालाही ते अस्वस्थ करतं.

तरीही मी 'आत्ता नको' म्हणते ते यापैकी कशामुळेही नाही. मुलं राक्षसांना पुरून उरतात. हे पुस्तक आलं तेव्हाही अनेक मोठ्यांना ते मुलांसाठी फार भयंकर वाटलं होतं. ब्रुनो बेटलहाइम यांच्यासारख्या नामवंत मानसतज्ज्ञाने १९६९ मध्ये त्यावर टीका केली होती की आईने उपाशी झोपायला पाठवणं हीच मुलासाठी मोठी धास्ती आहे. मुलांनी या टीकेकडे ढुंकूनही बघितलं नाही आणि पुस्तकाच्या प्रती वाचून वाचून फाडल्या. शिवाय सेंडॅक सांगायचे की हे प्राणी त्यांनी आपल्याच नातेवाइकांवरून काढले. पोलंडहून आलेले ज्यू काका-मावश्या रविवारी ब्रुकलिनच्या घरी यायच्या, गालगुच्चे घ्यायच्या आणि 'किती गोड, खाऊनच टाकते' म्हणायच्या. आपल्याकडे हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. लग्नकार्यात गाल लाल होईपर्यंत प्रेम करणारी मावशी प्रत्येक घरात आहे. मुलं तिला भितात, आणि थोड्या वेळाने तिच्याच मांडीवर जाऊन बसतात.

खरं कारण असं. पुस्तकात मॅक्स त्या प्राण्यांच्या डोळ्यांत डोळे घालून बघतो, पापणी न हलवता, आणि ते वठणीवर येतात. राग कितीही मोठा असला तरी तो आपल्या हुकमतीत येतो, हे तुमची मुलगी तीन वर्षं रोज रात्री ऐकून झोपते आहे. सिनेमात ती युक्ती चालत नाही. मॅक्स तिथे राजा होतो तो थापा मारून. सगळ्यांचं दुःख मी दूर ठेवीन असं वचन देतो, आणि ते त्याला पाळता येत नाही. प्राण्यांची आपापसातली भांडणं, रुसवे, एकटेपणा हे त्याच्या आवाक्याबाहेरचं आहे. कॅरलचं दुःख शेवटपर्यंत मिटत नाही. मॅक्सला त्याला तसंच सोडून परत यावं लागतं. हे फार खरं आहे आणि फार सुंदर दाखवलं आहे. पण डोळ्यांची युक्ती चालते हा विश्वास सहाव्या वर्षी मुलांना हवा असतो, आणि तो आपणहून सुटायला लागला की मग हा सिनेमा तिच्या कामाचा होईल. सिनेमातला मॅक्स आठ-नऊ वर्षांचा दिसतो. साधारण त्याच्याएवढी होऊ द्या.

आता जाऊबाई. भीड वाटणं साहजिक आहे, घर त्यांचं, बेत त्यांचा. म्हणून सिनेमाविरुद्ध काही बोलू नका आणि त्यांच्या मुलांचा विरसही करू नका. दहा आणि बारा वर्षांच्या मुलांनी तो बघायलाच हवा. उद्याच फोन करा, रविवारवर ढकलू नका. म्हणा, 'वहिनी, मी तो थोडा बघितला, मोठ्यांना फार आवडेल असा आहे, आमची मात्र अजून लहान पडेल. तिच्यासाठी आणि बाकीच्या छोट्यांसाठी मी वेगळं काहीतरी घेऊन येते, आम्ही आतल्या खोलीत बसू.' यात कोणाचा अपमान नाही, आणि छोट्यांना सांभाळायचं काम तुम्ही अंगावर घेतलंत म्हटल्यावर नाही कोण म्हणेल?

वेगळं काय न्यायचं, तर 'द ग्रफेलो'. जूलिया डोनाल्डसन यांची गोष्ट आणि अ‍ॅक्सेल शेफलर यांची चित्रं असलेलं पुस्तक १९९९चं, आणि २००९च्या नाताळात बीबीसीने दाखवलेला त्यावरचा छोटा सिनेमा जेमतेम अर्ध्या तासाचा. त्यात मूळच्या ओळी जवळजवळ तशाच ठेवल्या आहेत. नवीन भर एवढीच की एक खार आपल्या दोन पिल्लांना ही गोष्ट सांगते आहे. सांगणाऱ्या आईची जागा सिनेमाच्या आतच राखली आहे, म्हणून तो छोट्यांना परका वाटत नाही. जमलं तर आधी ते पुस्तक वाचून दाखवा.

मुलगी थोडी मोठी झाली की 'द स्नोमॅन'. रेमंड ब्रिग्ज यांचं १९७८चं पुस्तक पूर्ण निःशब्द, आणि १९८२चा सिनेमाही जवळजवळ तसाच, फक्त संगीत आणि एक गाणं. पुस्तकात नाताळ नाही, सांताक्लॉज नाही. ते सिनेमावाल्यांनी घातलं, आणि आज इंग्लंडमध्ये त्या सिनेमाशिवाय नाताळ होत नाही. भर घातली म्हणजे पुस्तकाशी बेइमानी झाली असं नसतं, हे मला या उदाहरणावरून पटतं. पुस्तक ज्या सुरात बोलतं तो सूर त्या भरीने मोडला नाही. उलट उदाहरणही आहे. डॉ. स्यूस यांच्या पुस्तकावरचा २००३चा 'द कॅट इन द हॅट' हा सिनेमा मोठ्यांच्या पाचकळ विनोदांनी असा भरला की तो बघून लेखकाच्या पत्नीने यापुढे त्यांच्या पुस्तकांवर माणसं घेऊन सिनेमे काढायला परवानगी नाकारली. त्या वाटेला जाऊ नका.

दोन-तीन वर्षांनी तुमचा मॅक्स लावाल तेव्हा दुपारी लावा, रात्री नको. आधी एवढंच सांगा की आपली गोष्ट दुसऱ्या एका माणसाने वाचली आणि त्याला ती कशी दिसली ते त्याने दाखवलं आहे. त्याच्या मॅक्सला मराठी येत नाही. त्याच्या खोलीत झाडं उगवत नाहीत. या दोन गोष्टी आधी कळल्या की निम्मी धुसफुस कमी होते. मध्येच ती उठून गेली तर जाऊ द्या. 'असं नाहीये पुस्तकात!' असं ओरडली तर ओरडू द्या, ते तिचं पुस्तकावरचं प्रेमच आहे. संपल्यावर 'पुस्तक चांगलं की सिनेमा?' हा प्रश्न कृपा करून विचारू नका. आपण मोठी माणसं तो सवयीने विचारतो आणि मूल मग आपल्याला खूश करणारं उत्तर देतं. त्यापेक्षा तिला काय सापडलं नाही ते विचारा. ती जी यादी देईल, ते तिचं पुस्तक.

त्यानंतर काही दिवस तिने पुस्तक मागितलं नाही तरी घाबरू नका, आणि आपणहून पुढे करू नका. मागेल तेव्हा या खेपेला तिलाच वाचू द्या. तोवर तिला वाचता येत असेल. ती इंग्रजी वाचेल की तुमचं मराठी पाठ म्हणेल, ते तिचं तिला ठरवू द्या. कॅरलचा आवाज तिच्या वाचण्यात आला तर येऊ द्या. तिच्या कानात तुमचा आवाज आधी पोहोचलेला आहे, आणि तो हजारदा तरी ऐकलेला आहे. शंभर मिनिटांचा एक सिनेमा त्याला धक्का लावू शकत नाही. म्हणून, होय, पुस्तक तुमचंच राहील.

आता तुमच्यापुरतं. मुलगा आईला चावून पळाला तिथून तुम्ही बेचैन झालात आणि पुढे बंद केलंत. पण तो परत येतो. आई काही विचारत नाही, रागावत नाही. त्याच्यासमोर सूप आणि केक ठेवते, समोर बसून त्याला खाताना बघते, आणि बघता बघता तिथेच खुर्चीत तिचा डोळा लागतो. पुस्तकाने आपल्याला फक्त ठेवलेलं जेवण दाखवलं. ते वाढणारी बाई दिवसभर किती दमली होती, ते सिनेमाने दाखवलं. मला वाटतं हे दृश्य तुमच्यासारख्या, रोज रात्री मिटणाऱ्या डोळ्यांनी तेच पुस्तक वाचणाऱ्या आयांसाठीच आहे. मुलांसाठी नाही. म्हणून एकट्याने बघा म्हणते.

आणि यजमानांना सांगा की लेकीबरोबर सिनेमा बघायची वेळ येईल तेव्हा त्यांनीही शेजारी बसायचं आहे, मोबाइल बाजूला ठेवून. पुस्तकात बाबा नाहीत आणि कोणत्याच मुलाला त्याचं काही वाटत नाही. सिनेमात ते नाहीत हे जाणवतं. मॅक्सच्या खोलीत एक पृथ्वीगोल आहे, त्याच्यावर बाबांनी लिहिलेलं आहे की तू या जगाचा मालक आहेस. मुलगी विचारणार, 'मग बाबा कुठे आहेत?' याचं उत्तर तुम्ही देऊ नका, त्यांना देऊ द्या. 'ते त्या घरात राहत नाहीत, पण गोल त्यांनीच दिलाय' एवढं पुरे. ती आणखी विचारेल तर आणखी सांगावं, नाही विचारलं तर सिनेमा पुढे चालू द्यावा.